ईथरनेट स्विचांमधील राखीव जोडणी

ईथरनेट नेटवर्कमध्ये दोन स्विचांना जोडणारी मुख्य केबल तुटल्यास, तिच्या टोकाचा पोर्ट बिघडल्यास किंवा पलीकडचा स्विच बंद पडल्यास वाहतूक चालू राहावी म्हणून जी दुसरी वाट आधीच तयार ठेवली जाते, तिला राखीव जोडणी किंवा बॅकअप लिंक असे म्हणतात. मुख्य वाटेवरील बिघाड ओळखून वाहतूक आपोआप राखीव वाटेवर नेण्याच्या क्रियेला फेलओव्हर म्हणतात. रुग्णालये, बँका, कारखाने, विद्युत उपकेंद्रे, महाविद्यालये आणि दूरसंचार सेवा यांच्या नेटवर्कमध्ये अशी व्यवस्था असते.

केवळ दुसरी केबल जोडल्याने राखीव जोडणी तयार होत नाही. ईथरनेटच्या मूळ रचनेमुळे दोन स्विचांमधील दोन वाटा एकाच वेळी खुल्या राहिल्यास संपूर्ण नेटवर्क ठप्प होऊ शकते. म्हणून राखीव वाट गरज पडेपर्यंत बंद ठेवणे आणि गरज पडताच ती त्वरित उघडणे, अशी दुहेरी जबाबदारी स्विचांवर असते. या लेखात वर्णिलेल्या बहुतेक पद्धती ही जबाबदारी पार पाडण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत.

## पार्श्वभूमी : चक्राची समस्या

ईथरनेटवर माहिती फ्रेम नावाच्या लहान तुकड्यांतून जाते. प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता असतो. कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता आहे, हे स्विच येणाऱ्या फ्रेमवरून शिकतो आणि आपल्या मॅक सारणीत नोंदवून ठेवतो. पत्ता ठाऊक नसल्यास, किंवा फ्रेम सर्वांसाठी असल्यास, म्हणजेच ती ब्रॉडकास्ट फ्रेम असल्यास, ज्या पोर्टवरून ती आली तो वगळून इतर सर्व पोर्टवर स्विच तिची प्रत पाठवतो.

दोन स्विच दोन केबलींनी जोडले, तर एका केबलीने गेलेली ब्रॉडकास्ट फ्रेम दुसऱ्या केबलीने परत येते आणि पुन्हा पुढे पाठवली जाते. आयपी पाकिटात आयुर्मर्यादेचा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाल्यावर पाकीट टाकून देतो. ईथरनेट फ्रेममध्ये असा आकडा नसतो. त्यामुळे चक्रात सापडलेली फ्रेम आपोआप नष्ट होत नाही. येणाऱ्या प्रत्येक नव्या ब्रॉडकास्ट फ्रेमची तिच्यात भर पडते आणि काही क्षणांतच जोडणीची सर्व क्षमता या निरर्थक वाहतुकीने व्यापली जाते. या स्थितीला ब्रॉडकास्ट वादळ म्हणतात. १ गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून सर्वांत लहान आकाराच्या सुमारे १४.८८ लाख फ्रेम दर सेकंदाला जाऊ शकतात. वादळात यांपैकी प्रत्येक ब्रॉडकास्ट फ्रेम नेटवर्कमधील सर्व संगणकांपर्यंत पोहोचते. शिवाय एकच मॅक पत्ता कधी एका, तर कधी दुसऱ्या पोर्टवर दिसू लागल्याने स्विचांच्या सारण्याही अस्थिर होतात.

## इतिहास

या समस्येवरील पहिला सर्वमान्य उपाय अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करताना मांडला. तो स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल किंवा एसटीपी या नावाने ओळखला जातो. कितीही गुंतागुंतीच्या जाळ्यातून चक्र नसलेली, वृक्षासारखी रचना निवडायची आणि उरलेल्या जोडण्या राखीव म्हणून बंद ठेवायच्या, ही त्यामागील कल्पना होय. आयईईई या संस्थेने १९९० मध्ये ८०२.१डी या मानकात त्याचा समावेश केला.

मूळ एसटीपीला वाट बदलण्यास ३० ते ५० सेकंद लागत. ही त्रुटी दूर करण्यासाठी २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू हे सुधारित मानक आले. त्यातील प्रोटोकॉलला रॅपिड स्पॅनिंग ट्री किंवा आरएसटीपी म्हणतात. ८०२.१डी मानकाच्या २००४ च्या आवृत्तीत जुन्या एसटीपीची जागा आरएसटीपीने घेतली. त्याआधी २००० मध्ये अनेक केबली एकत्र बांधण्याचे ८०२.३एडी हे मानक प्रसिद्ध झाले होते. वर्तुळाकार नेटवर्कसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ मध्ये जी.८०३२ हे मानक प्रसिद्ध केले.

## प्रमुख पद्धती

### स्पॅनिंग ट्री

स्पॅनिंग ट्रीमध्ये सर्व स्विच एकमेकांना ठरावीक अंतराने, सामान्यतः दर २ सेकंदांनी, बीपीडीयू नावाचे संदेश पाठवतात. या संदेशांतून एका स्विचाची मूळ स्विच म्हणून निवड होते. ज्याचा प्राधान्यांक सर्वांत लहान तो मूळ स्विच होतो. प्राधान्यांक समान असल्यास सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच निवडला जातो. त्यानंतर प्रत्येक स्विच मूळ स्विचापर्यंतचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधतो. जोडणीचा वेग जितका अधिक, तितका तिचा खर्च कमी मानला जातो. ८०२.१डीच्या २००४ च्या आवृत्तीनुसार १०० मेगाबिट जोडणीचा खर्च २,००,०००, १ गिगाबिटचा २०,००० आणि १० गिगाबिटचा २,००० असतो.

समजा, एका इमारतीत क आणि ख हे दोन मुख्य स्विच १० गिगाबिट जोडणीने जोडले आहेत. वरच्या मजल्यावरील ग हा स्विच त्या दोघांना प्रत्येकी १ गिगाबिट केबलीने जोडला आहे. क हा मूळ स्विच असल्यास ग पासून क पर्यंतच्या थेट मार्गाचा खर्च २०,००० आणि ख मार्गे २२,००० होतो. म्हणून ग थेट मार्ग निवडतो आणि ख कडे जाणारा आपला पोर्ट बंद ठेवतो. या बंद पोर्टवरून सामान्य वाहतूक जात नाही, पण बीपीडीयू संदेश ऐकले जातात. ग आणि क यांच्यातील केबल तुटली की हा पोर्ट उघडला जातो.

मूळ एसटीपीत बंद पोर्ट उघडण्यापूर्वी ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या प्रत्येकी १५ सेकंदांच्या दोन अवस्थांतून जातो. बिघाड स्वतःच्या पोर्टवर नसून दूर कोठेतरी झाला असेल, तर जुनी माहिती कालबाह्य होण्याची २० सेकंदांची प्रतीक्षाही त्यात मिळवावी लागते. आरएसटीपीत मूळ स्विचाकडे जाणारी दुसरी वाट पर्यायी पोर्ट म्हणून आधीच ओळखलेली असते, त्यामुळे केबल तुटताच ती त्वरित वापरात येते. केबल न तुटता नुसते संदेश येणे थांबले, तर सलग तीन संदेश चुकल्यावर, म्हणजे ६ सेकंदांनंतर, बिघाड मानला जातो.

### जोडण्यांचे एकत्रीकरण

दोन किंवा अधिक केबली एकत्र बांधून स्विचांना त्या एकच जोडणी म्हणून दाखवण्याच्या पद्धतीला लिंक अॅग्रिगेशन म्हणतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलला एलएसीपी असे नाव आहे. या पद्धतीत कोणतीही केबल रिकामी राहत नाही. वाहतूक सर्व केबलींवर विभागली जाते आणि एक केबल तुटल्यास तिचा भार इतर केबली उचलतात. मात्र दोन संगणकांमधील एक संवाद सामान्यतः एकाच केबलीवरून जातो, त्यामुळे केबली दुप्पट केल्या तरी त्या एका संवादाचा वेग दुप्पट होत नाही. मूळ स्वरूपात सर्व केबली एकाच दोन उपकरणांदरम्यान असाव्या लागतात. म्हणजेच केबलीच्या बिघाडापासून संरक्षण मिळते, पण पलीकडचा स्विच बंद पडल्यास मिळत नाही. ही मर्यादा ओलांडण्यासाठी दोन मुख्य स्विचांना एकच स्विच म्हणून वागवण्याच्या सोयी अनेक उत्पादक देतात.

### मुख्य–राखीव जोडी

काही स्विचांमध्ये दोन पोर्टची थेट जोडी ठरवता येते. त्यातील एक मुख्य आणि दुसरा राखीव असतो. मुख्य पोर्ट चालू असेपर्यंत राखीव पोर्ट वाहतूक पाठवत नाही. सिस्को कंपनीच्या स्विचांमध्ये ही सोय फ्लेक्स लिंक्स या नावाने, जुनिपर कंपनीच्या स्विचांमध्ये रिडन्डन्ट ट्रंक ग्रुप या नावाने, तर हुआवे कंपनीच्या स्विचांमध्ये स्मार्ट लिंक या नावाने मिळते. वरच्या उदाहरणातील ग सारख्या, दोन मुख्य स्विचांना जोडलेल्या टोकाच्या स्विचासाठी ही पद्धत सोपी आणि वेगवान ठरते. मात्र फ्लेक्स लिंक्सचे पोर्ट स्पॅनिंग ट्रीत भाग घेत नाहीत. त्यामुळे त्या पोर्टमधून इतरत्र चक्र तयार होणार नाही, याची खात्री रचना करणाऱ्यालाच करावी लागते.

### वर्तुळ आणि समांतर जाळी

जी.८०३२ मानकानुसार स्विच वर्तुळात जोडले जातात आणि त्यातील एक दुवा मुद्दाम बंद ठेवला जातो. वर्तुळ कोठेही तुटले की तो दुवा उघडतो. वर्तुळाची लांबी १,२०० किलोमीटरांहून कमी आणि स्विचांची संख्या १६ हून कमी असताना ५० मिलिसेकंदांच्या आत वाट बदलणे हे या मानकाचे उद्दिष्ट आहे. विद्युत उपकेंद्रांसारख्या ठिकाणी एवढा विलंबही चालत नाही. तेथे आयईसी ६२४३९-३ मानकातील पीआरपी ही पद्धत वापरली जाते. तिच्यात प्रत्येक फ्रेम दोन स्वतंत्र नेटवर्कवरून एकाच वेळी पाठवली जाते. घेणारे उपकरण प्रथम पोहोचलेली प्रत स्वीकारते आणि दुसरी टाकून देते.

| पद्धत | मानक किंवा उत्पादक | वाहतूक पूर्ववत होण्यास लागणारा वेळ |
|---|---|---|
| एसटीपी | आयईईई ८०२.१डी | ३० ते ५० सेकंद |
| आरएसटीपी | आयईईई ८०२.१डब्ल्यू | केबल तुटल्यास बहुधा १ सेकंदाच्या आत. केवळ संदेश थांबल्यास सुमारे ६ सेकंद |
| एलएसीपी | आयईईई ८०२.३एडी | केबल तुटल्यास बहुधा १ सेकंदाच्या आत. केवळ संदेश थांबल्यास मांडणीनुसार ३ किंवा ९० सेकंद |
| फ्लेक्स लिंक्स | सिस्को | केबल तुटल्यास बहुधा १ सेकंदाच्या आत |
| वर्तुळ संरक्षण | आयटीयू-टी जी.८०३२ | ५० मिलिसेकंदांचे उद्दिष्ट |
| पीआरपी | आयईसी ६२४३९-३ | शून्य |

## मांडणीचे टप्पे

आज्ञांचे शब्द उत्पादकानुसार बदलतात, परंतु कामाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

१. वाटांची निवड. मुख्य आणि राखीव केबल शक्यतो वेगळ्या नळीतून, वेगळ्या जिन्याने आणि वेगळ्या स्विचांपर्यंत न्यावी. दोन्ही केबली एकाच चरातून गेल्या असतील, तर खोदकामाच्या एका घावात दोन्ही तुटतात. दोन्ही मुख्य स्विचांचा वीजपुरवठाही वेगळा असणे इष्ट असते.

२. सारखी मांडणी. मुख्य पोर्टवरून जेवढे व्हीलॅन जातात, तेवढे सर्व राखीव पोर्टवरही असावे लागतात. एखादा व्हीलॅन राहून गेल्यास फेलओव्हर यशस्वी झाल्याचे दिसते, पण केवळ त्या विभागाचे संगणक तुटलेले राहतात.

३. केबल जोडण्यापूर्वी मांडणी. दुसरी केबल प्रत्यक्ष जोडण्याआधी दोन्ही टोकांवर निवडलेली पद्धत चालू करावी. अगोदर केबल आणि मग मांडणी, हा उलटा क्रम ब्रॉडकास्ट वादळाला निमंत्रण देतो.

४. मूळ स्विचाची निश्चिती. स्पॅनिंग ट्री वापरताना मध्यवर्ती स्विचाचा प्राधान्यांक मुद्दाम लहान ठेवावा. तो ४,०९६ च्या पटीत देतात आणि मूळची किंमत ३२,७६८ असते. सर्व स्विच याच किमतीवर सोडल्यास निवड मॅक पत्त्यावरून होते आणि एखादा जुना, मंद स्विचही नेटवर्कचे केंद्र बनू शकतो. दुसऱ्या मुख्य स्विचाला त्यापुढचा प्राधान्यांक द्यावा, म्हणजे पहिला बंद पडल्यावर त्याची जागा कोण घेणार हेही आधीच ठरते.

५. टोकाच्या पोर्टचे संरक्षण. संगणक, छपाईयंत्रे इत्यादी उपकरणांच्या पोर्टना टोकाचे पोर्ट म्हणून घोषित करावे. अशा पोर्टवर बीपीडीयू संदेश आल्यास पोर्ट बंद करणारी बीपीडीयू गार्ड ही सोय चालू करावी. भिंतीतील दोन सॉकेट चुकून एकाच केबलीने जोडली गेल्यास होणारे चक्र तिच्यामुळे तेथेच थांबते.

६. परतीचा निर्णय. मुख्य केबल दुरुस्त झाल्यावर वाहतूक तिच्यावर आपोआप परत यावी की राखीव वाटेवरच राहावी, हे ठरवावे लागते. सैल जोडामुळे मुख्य केबल वारंवार चालू-बंद होत असेल, तर आपोआप परतण्यामुळे वाहतूक सतत इकडून तिकडे हलत राहते. म्हणून परतीपूर्वी काही काळ थांबण्याची सोय दिलेली असते. फ्लेक्स लिंक्समध्ये हा काळ मूळतः ३५ सेकंद असतो.

## जुन्या नोंदींचा प्रश्न

राखीव पोर्ट उघडला तरी इतर स्विचांच्या मॅक सारण्यांत जुनी वाट नोंदलेली असते. वरील उदाहरणात ख ला जोडलेला सर्व्हर ग वरील छपाईयंत्राशी बोलत असेल, तर ख च्या सारणीत ते यंत्र क च्या दिशेला आहे असे लिहिलेले असते. ग आणि क यांच्यातील केबल तुटून ग आणि ख यांच्यातील राखीव केबल चालू झाल्यावरही ख आपल्या फ्रेम क कडेच पाठवत राहतो आणि त्या वाया जातात. छपाईयंत्राने स्वतःहून एखादी फ्रेम पाठवली की नोंद दुरुस्त होते. ते शांत असेल, तर नोंद कालबाह्य होण्याची वाट पाहावी लागते. हा काळ सामान्यतः ३०० सेकंद असतो.

यासाठी आरएसटीपीत रचना बदलल्याची सूचना सर्व स्विचांना दिली जाते आणि ते संबंधित नोंदी पुसून टाकतात. मुख्य–राखीव जोडीच्या पद्धतीत टोकाचा स्विच आपल्याकडील मॅक पत्त्यांची माहिती नव्या वाटेने वर पाठवतो. मात्र वरच्या स्विचांनी ती स्वीकारावी, अशी मांडणी त्यांच्यावरही करावी लागते. फेलओव्हर झाल्यावर काही उपकरणे लगेच सापडतात आणि काही पाच मिनिटांपर्यंत सापडत नाहीत, याचे कारण बहुधा या जुन्या नोंदींत असते.

## न दिसणारे बिघाड

केबल पूर्ण तुटल्यास दोन्ही टोकांना ते लगेच कळते. परंतु काही बिघाडांत पोर्टचा दिवा चालूच राहतो. ऑप्टिकल फायबरच्या जोडीत एक तंतू पाठवण्यासाठी आणि एक घेण्यासाठी असतो. त्यातील एकच तुटल्यास जोडणी एकदिशी होऊ शकते. मग बंद पोर्टला पलीकडचे बीपीडीयू संदेश मिळत नाहीत, मुख्य वाट तुटली असा त्याचा समज होतो आणि तो स्वतः उघडून चक्र निर्माण करतो. हे टाळण्यासाठी यूडीएलडी हा प्रोटोकॉल आणि लूप गार्ड ही सोय वापरतात. दोन स्विचांच्या मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा दूरसंचार कंपनीचे उपकरण असल्यास पलीकडची केबल तुटूनही अलीकडचा पोर्ट चालू दिसू शकतो. अशा ठिकाणी दोन्ही टोकांनी एकमेकांना सतत तपासणी-संदेश पाठवण्याची व्यवस्था आयईईई ८०२.१एजी मानकात आहे.

दुसरा न दिसणारा बिघाड राखीव जोडणीचाच असतो. तिच्यावरून रोजची वाहतूक जात नसल्याने ती तुटली तरी कोणाची तक्रार येत नाही. पुढे मुख्य केबल तुटते तेव्हाच राखीव केबल आधीपासून निकामी असल्याचे उघड होते. म्हणून राखीव पोर्ट बंद पडल्याची सूचनाही मुख्य पोर्टइतक्याच तातडीने देखरेख करणाऱ्यांकडे जाईल, अशी मांडणी आवश्यक ठरते.

## बोस्टनमधील घटना

नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरातील बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयाचे नेटवर्क सुमारे चार दिवस वारंवार कोलमडत राहिले. निरनिराळ्या काळात एकमेकांना जोडत गेलेल्या स्विचांमुळे नेटवर्कचा विस्तार स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेला होता. मूळ वेळमर्यादा वापरताना कोणत्याही दोन टोकांमध्ये सातपेक्षा अधिक स्विच असू नयेत, अशी शिफारस आहे. मोठ्या प्रमाणावरील माहितीच्या वाहतुकीने नेटवर्कवर ताण आला आणि चक्रे टाळणारी यंत्रणा टिकाव धरू शकली नाही. या काळात रुग्णालयाला तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या नोंदी आणि इतर व्यवहार कागदावर करावे लागले. रुग्णालयाचे तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी या घटनेची माहिती पुढे जाहीरपणे मांडली, त्यामुळे नेटवर्क रचनेच्या चर्चेत तिचा वारंवार उल्लेख होतो. जोडण्यांची संख्या वाढत गेली तरी त्यांची रचना नियंत्रणात नसेल, तर सुरक्षितता वाढण्याऐवजी कमी होते, हे या घटनेतून दिसून आले.

## चाचणी

राखीव जोडणीची खात्री केवळ मांडणी वाचून होत नाही. कामकाज नसलेल्या वेळी, पूर्वसूचना देऊन, मुख्य केबल प्रत्यक्ष काढून पाहणे ही सर्वांत साधी चाचणी होय. त्या वेळी एका संगणकावरून दुसऱ्याकडे दर ०.१ सेकंदाला पिंग संदेश पाठवत ठेवल्यास हरवलेल्या संदेशांच्या संख्येवरून खंडाचा काळ मोजता येतो. सलग २० संदेश हरवले, तर खंड सुमारे २ सेकंदांचा होता. केबल पुन्हा जोडतानाही हेच मोजमाप करावे, कारण परतीच्या वेळीही खंड पडू शकतो.

त्यानंतर पलीकडचा मुख्य स्विच बंद करून, फायबरचा एकच तंतू काढून आणि प्रत्येक व्हीलॅनमधून स्वतंत्रपणे चाचणी घेतली जाते. राखीव जोडणीचा वेग मुख्य जोडणीपेक्षा कमी असल्यास गर्दीच्या वेळचा भार ती पेलू शकेल का, हेही तपासावे लागते. नेटवर्कमध्ये नवा स्विच जोडल्यावर किंवा व्हीलॅन वाढवल्यावर ही चाचणी पुन्हा घेणे आवश्यक असते, कारण पूर्वीच्या चाचणीत सिद्ध झालेली व्यवस्था बदललेल्या रचनेत तशीच राहिली असेल असे गृहीत धरता येत नाही.

## मर्यादा

स्विचांमधील राखीव जोडणी स्थानिक नेटवर्कपुरती मर्यादित असते. दोन्ही मुख्य स्विच एकाच खोलीत असल्यास आग, पाणी किंवा वीजपुरवठ्यातील बिघाड यांपासून ती संरक्षण देत नाही. राउटर किंवा इंटरनेट सेवा बंद पडल्यास त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. मोठ्या नेटवर्कमध्ये एकच विस्तीर्ण ईथरनेट जाळे ठेवण्याऐवजी त्याचे राउटरांनी जोडलेले लहान भाग केले जातात, जेणेकरून एका भागातील वादळ दुसऱ्या भागात पोहोचू नये.